उशाशी बंदूक

३ ऑक्टोबर, मंगळवार

आले एकदाची! बारा वर्षं इटलीत लोकांच्या पायांतले जोडे शिवले, आता स्वतःच्या चुलीपुढे पाय पसरून बसले आहे. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. मी मुकादमाला तोंडावर सांगून आले की बरं झालं, तुझं थोबाड बघायची पाळी संपली. श्कोदर शहरातून वर डोंगरात येणारी बस प्रत्येक वळणाला दम खात होती. बस वरपर्यंत येत नाही, म्हणून शेवटचा चढ माझं शिवणयंत्र गाढवाच्या पाठीवर, मी गाढवाच्या मागे, अशी आमची वरात गावात शिरली.

घर ठणठणीत आहे. दगडी, उंच, बंदुकीची नळी मावेल एवढ्याच खिडक्या. आजोबा, म्हणजे बार्धोक, वसंतात गेले. जाण्याआधी पाद्र्यासमोर सांगून ठेवलं: घर फ्रानला, बंदूक प्रेंदाला. फ्रान माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो मांडीएवढा होता, त्याला भरवला, न्हाऊ घातला, मारला, सगळं मीच केलं. तो इटलीत फरश्या बसवतो. फोनवर म्हणाला, ताई, घर तुझंच समज, महिनाअखेरीला मी येतोय, मला शेंगांची उसळ करून घाल. त्याला घर दिलं हे समजलं. मला बंदूक कशाला? मी काय तिने पोळ्या लाटू?

संध्याकाळी शेजारचे देदाकाका आले. आजोबांचे सोबती, आता तेच गावात सगळ्यांत म्हातारे. रीतीप्रमाणे फाटकाबाहेर उभं राहून हाक मारली, ओ घरधनी! आमच्याकडे दार वाजवत नाहीत, घरधन्याला हाक मारतात आणि त्याने ओ दिल्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीत. मी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, इथे घरधनी वगैरे कुणी नाही, प्रेंदा आहे, या वर. हसले बिचारे. मक्याची भाकरी आणि चीज घेऊन आले होते. दोघांनी रकी, आमची घरची दारू, घेतली.

गादी घातली आहे. नेहमीप्रमाणे पालथं पडून, उशीत तोंड खुपसून झोपणार. आई म्हणायची, एक दिवस गुदमरून मरशील. अजून तरी मेले नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज बंदूक उतरवली. चुलीवरच्या दोन खुंट्यांवर तेलकट कापडात गुंडाळलेली होती. हुकूमशाहीत आजोबांनी ती गोठ्याच्या भिंतीत चिणून ठेवली होती, एवढं मला ठाऊक आहे. सापडती तर म्हातारा तुरुंगात सडता. एवढी कसली जीव जडलेली वस्तू ती, म्हणून मी मांडी घालून बघायला बसले.

नळीच्या मुळाशी कोरलंय: स्टायर, एम ९५. देदाकाका म्हणाले, ऑस्ट्रियाच्या फौजेची मॅनलिखर, पहिल्या लढाईत फौज पळाली आणि बंदुका आपल्या डोंगरात राहिल्या. इतर बंदुकांचा बोल्ट उचलून, फिरवून ओढावा लागतो. हिचा नुसता सरळ मागे, सरळ पुढे. पाच काडतुसं पत्र्याच्या पकडीत एकत्र बसतात आणि शेवटचं काडतूस नळीत चढलं की रिकामी पकड खालच्या भोकातून आपोआप गळून पडते. मला आवडलं ते. आमच्या कारखान्यातल्या यंत्रांना एवढी अक्कल नव्हती. चाप दाबून धरला की बोल्ट अख्खा बाहेर येतो हेही काकांनीच दाखवलं. त्यांनी हे नाही सांगितलं की बाहेर आल्यावर त्याचं डोकं आत घुसतं आणि मग तो काही केल्या परत बसत नाही. दुपारभर मी त्या डोक्याला शिव्या घातल्या. शेवटी दोन्ही गुडघ्यांत धरून, डोकं ओढून बाहेर काढून बसवला. रॉकेलने पुसली, शिवणयंत्राचं तेल दिलं. काडतूस घरात एकही नाही. बरंच आहे.

नळीवर तीन चांदीच्या कड्या आहेत, नक्षीच्या. आजोबांसारख्या चिक्कू माणसाने चांदीच्या कड्या? आणि आणखी एक. जोडा बघून पाय ओळखणं हा माझा धंदा. कुठे झिजलाय, कुठे दबलाय, यावरून माणूस कसा चालतो ते मी सांगते. हिचा लाकडी दस्ता गाल टेकून टेकून गुळगुळीत झालाय तो उजव्या बाजूने. म्हणजे डावखुऱ्या माणसाचा गाल. शिवाय दस्त्याला मागून शिंगाचा तुकडा जोडून लांब केलाय, लांब हातांच्या माणसासाठी. आजोबा उजव्या हाताचे. आणि उंची एवढी की बाजारात गर्दीत हरवायचे.

मी देदाकाकांना विचारलं, ही आधी कुणाची होती? काका कॉफीच्या कपात बघत बसले. मग म्हणाले, साखर जरा कमी पडली गं.

८ ऑक्टोबर, रविवार

अजून धुमसतेय. रागाने! लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

आजोबांच्या नावाचं आज जेवण होतं. गावातल्या बारा घरांचे कर्ते पुरुष जेवायला. दोन दिवस राबून मी मटण शिजवलं, पालेभाजीची पोळी भाजली, मिरच्यांचं लोणचं काढलं. पुरुष चुलीभोवती बसले आणि मला पाट नाही. वाढा आणि भिंतीशी उभ्या राहा. ठीक आहे, रीत आहे, म्हणून गप्प बसले.

तेवढ्यात पाश्कने तोंड उघडलं. पाश्क माझा मामेभाऊ, खाली रस्त्यावर सिमेंटचं दुकान आहे आणि त्याच्या डोळ्यांत त्या चांदीच्या कड्या पहिल्या दिवसापासून रुतल्यात. रश्श्याने बरबटलेल्या बोटाने खुंटीकडे दाखवून म्हणाला, बाईच्या घरी बंदूक शोभत नाही, प्रेंदा त्यावर पेटीकोट वाळत घालणार, माझ्याकडे द्या, निदान पुरुषाच्या भिंतीवर लागेल. सगळे खदखदा हसले. माझ्या हातचं खाऊन, माझ्या घरात बसून, मला!

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं भांडं आपटलं, सरळ चुलीच्या उजव्या अंगाला, घरधन्याच्या जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, मग मला पुरुष धरा! आजपासून या घराचा पुरुष मी. कुणाला काही म्हणायचंय?

 पूर्वी घरात पुरुष उरला नाही की एखादी मुलगी बारा जणांसमोर शपथ घ्यायची, केस कापायची आणि पुरुष म्हणून जगायची, मरेपर्यंत. माझ्या लहानपणी वरच्या आळीत होती एक. पाश्क खोटं हसत म्हणाला, फ्रान आहे की घराला. मी म्हटलं, फ्रान इटलीत फरश्या घासतोय, या चुलीत लाकूड कोण घालतंय? मी! मग घरधनी मी.

देदाकाकांचा चेहरा मडक्यासारखा झाला होता. ते म्हणाले, पोरी, रागात बोलू नकोस, बारा माणसं बसली आहेत, बोललेलं परत घेता येत नाही. त्यांनी तसं म्हटल्यावर मी कसली गप्प बसते! बंदूक काढली, मांडीवर ठेवली, भाकरीवर हात ठेवला आणि तेच पुन्हा बोलले. सावकाश. मग पाश्कच्याच हातातली रकी घेऊन घटाघट प्याले.

जाताना एकेकाने माझा हात हातात घेतला, पुरुषांचा घेतात तसा. पाश्कने पण! मुकाट्याने! आयुष्यात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. देदाकाकांनी तेवढा हात घेतला नाही. ते बंदुकीकडे बघत उभे होते.

९ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी उठले तर बंदूक माझ्या उशीवर.

डोक्याच्या डाव्या अंगाला, अगदी कानाला लागून, नीट, सरळ ठेवलेली. नळी वर भिंतीकडे, दस्ता खांद्याशी. रात्री मी ती माझ्या हाताने खुंट्यांवर ठेवली होती.

पाश्क! दुसरं कोण? त्या मेल्याकडे आईच्या वेळची जुनी किल्ली असणार. बाईला घाबरवायला निघालाय. मी झोपलेली असताना माझ्या खोलीत, माझ्या गादीशी येतो म्हणजे काय? हात तोडून गळ्यात बांधीन. आजच कुलूप बदललं, आतून आडणाही लावला.

दिवसभर फाटकातून हाका येत होत्या, ओ घरधनी! मी ऐटीत ओ देत होते. बायका तोंडाला रुमाल लावून हसतात. हसू देत.

१० ऑक्टोबर, मंगळवार

परत. उशीवर. डाव्या अंगाला.

आडणा जसाच्या तसा. कुलूप जसंच्या तसं. खिडकीतून मांजर येईल, पाश्कचं ढेरपोट नाही येणार. मग हा आला कुठून? छपरावरून? कौलं तपासली. एकही हललेलं नाही.

बंदूक साखळीने खुंटीला बांधली आहे. गाढवाची साखळी. बघते आता.

११ ऑक्टोबर, बुधवार

साखळी खुंटीवर लटकतेय, कुलूप लावलेलं. बंदूक माझ्या कानाशी.

दस्ता गार होता आणि त्याची उजवी बाजू ओलसर. गालाला घाम आल्यावर लाकूड ओलं होतं तशी.

मी रडले नाही. मी उठून पाश्कच्या दुकानावर गेले. गिऱ्हाइकांसमोर त्याची सालटी काढली. चोर म्हटलं, बायकांच्या गादीशी लाळ गाळणारा म्हटलं, आणखी पुष्कळ काही म्हटलं. तो आधी लाल झाला, मग मी उशीचं सांगितल्यावर एकदम पांढरा. विचारलं, कुठल्या बाजूला? डोक्याशी? नक्की डोक्याशी? मग छातीवर क्रूस काढून पोरीच्या डोक्याची शपथ घेतली की मी नाही. पोरीवर त्याचा जीव आहे, तिची खोटी शपथ तो घेणार नाही.

म्हणाला, प्रेंदा, ते चांदीचं मला नको गं, मी चेष्टेत म्हणालो होतो. आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं. भरदुपारी.

भित्रा लेकाचा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिलं नाही. काल बंदूक उशाशी नव्हती. वाटलं, सुटले.

आज होती. आणि मी उताणी होते.

मी कधी उताणी झोपत नाही. चाळीस वर्षांत नाही. तापात नाही. आज डोळे उघडले तर समोर छप्पर. पाय जुळवलेले. हात छातीवर. केस कपाळावरून बाजूला सारलेले, व्यवस्थित, कुणीतरी हाताने सारावेत तसे.

मला कुणीतरी उलटवलं. झोपेत. हळूच.

आंघोळ केली, अंग घासघासून लाल केलं. तरी खांद्याला तो हात लागल्यासारखा वाटतोय. आता देदाकाकांकडे जाते. आज साखरेची सबब चालणार नाही.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळी

सगळं कळलं. आजोबा जिवंत असते तर मी त्यांची मान धरली असती.

काकांना मी एवढंच विचारलं की मला उताणी कोण करतं. म्हातारा उठला. बायकोला बाहेर पाठवलं आणि बोलला.

बंदूक वुक्सानची. खालच्या वाडीतला, ताडमाड, डावखुरा. दुसऱ्या लढाईच्या वर्षात पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि आजोबांनी त्याला पाटाच्या काठावर गोळी घातली. इथवर ठीक, माणसं अशी मरायची आमच्याकडे. पण डोंगराचा कानून मारणाऱ्यालाही आहे. आधी हाक मारायची, पाठीत मारायचं नाही. मारल्यावर मेलेल्याला उताणा करायचा, तोंड मातीत राहू द्यायचं नाही. आणि त्याची बंदूक त्याच्या उशाशी ठेवायची. ती न्यायची नाही. मेलेल्याची बंदूक नेणं याच्यापेक्षा हलकट काम कानूनात दुसरं नाही.

माझ्या आजोबांनी हाक मारली नाही. पाठीत मारली. चिखलात पालथा टाकला. आणि चांदीच्या कड्यांसाठी बंदूक उचलून घरी आणली.

सूड घ्यायला वुक्सानच्या घरात कुणी उरलंच नाही. भाऊ लढाईत गेले, म्हातारी आई ओरडत ओरडत मेली, घराला कुलूप लागलं. रक्ताचं देणं तसंच राहिलं. काका म्हणाले, माणसं उरली नाहीत म्हणून तो स्वतः येतो.

आजोबा मग एवढं कसे जगले? तर ते कधी आडवे झालेच नाहीत! मी त्यांना कायम चुलीशी भिंतीला टेकून बसून झोपताना पाहिलंय, हुकूमशाही गेल्यावर मांडीवर बंदूकही. आम्हाला वाटायचं दमा आहे. वसंतात ताप भरला, देदाकाकूने मायेने गादी घालून निजवलं आणि सकाळी म्हातारा गेला. उताणा, बंदूक उशाशी. काकूला वाटलं, त्यांनीच मागून घेतली असेल.

मी ओरडले, मग मला का दिली? माझं काय वाकडं केलं होतं मी? काका म्हणाले, तुलाच द्यायची होती पोरी. कानूनात बाईचं रक्त घेत नाहीत. बाईच्या घरात बंदूक म्हणजे लाकडाचा तुकडा. तो तुझ्याजवळ राहता तर सगळं निवून गेलं असतं. फ्रान सुटला असता. तुझ्या आजोबांनी वर्षानुवर्षं विचार करून काढलेली वाट होती ती.

 पुढचं त्यांना बोलायची गरजच नव्हती. बारा माणसं. भाकरीवर हात. पुरुष धरा मला.

माझी जीभ झडली का नाही त्या दिवशी!

१४ ऑक्टोबर, शनिवार

तो पडला तिथे पाटाशी दगडांचा ढीग आहे. येणारे-जाणारे एकेक दगड टाकतात. लहानपणी मीही टाकलाय, कुणाचा ते न विचारता. आज बंदूक खांद्याला लावून गेले, ढिगाच्या डोंगराकडच्या टोकाला ठेवली. उशाशी. म्हटलं, घे बाबा तुझी. आमच्या माणसाने हलकटपणा केला. मला त्याची लाज वाटते. आता जा.

कुणी ऐकलं असेल तर ऐकलं. वाऱ्याचासुद्धा आवाज नव्हता. जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला.

१५ ऑक्टोबर, रविवार

उताणी. हात छातीवर. बंदूक उशाशी, दवाने भिजलेली, कड्यांत पाटाकडचं गवत अडकलेलं.

त्याला बंदूक परत नकोच आहे. आजोबांनी जे केलं नाही ते तो नीट करून दाखवतोय. रोज. मला शिकवल्यासारखं— हे बघ, असं उलटवायचं, असं ठेवायचं, असे केस सारायचे. मेला माझ्या आजोबांपेक्षा सभ्य आहे!

राग कुणावर काढू?

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आता झोपतच नाही. चुलीशी, भिंतीला टेकून. आजोबांच्या जागेवर. मांडीवर बंदूक. भिंतीला त्यांच्या पाठीचा काळा डाग आहे, त्यात माझी पाठ बरोबर बसते.

पाश्क आला होता. फाटकापाशीच उभा राहिला. म्हणाला, बारा जणांना परत बोलावतो, त्यांच्यासमोर म्हण की मी बाई आहे, चूक झाली. माझी थुंकी मी चाटते म्हण, काय बिघडतं? म्हटलं, हो. म्हणेन. नाक घासेन म्हटलं, सगळ्यांसमोर. देवाशपथ, मी तयार होते.

पण त्याच्याबरोबर आलेल्या देदाकाकांनी डोकं हलवलं. ते म्हणाले, तू बाई झालीस की घरधनी कोण?

फ्रान.

या दारातून पहिला आत येणारा या घरचा पुरुष. शेंगांची उसळ मागणारा माझा फ्रान.

१८ ऑक्टोबर, बुधवार

फ्रानला फोन केला. म्हटलं येऊ नकोस. का म्हणाला. म्हटलं येऊ नकोस म्हणजे नकोस, घरात साथ आहे, छप्पर पडलंय, मला तुझं तोंड बघायचं नाही— काय काय बोलले. शिव्या दिल्या.  शेवटी तो म्हणाला, ताई, तू कधी झोपली होतीस शेवटची?

मला हुंदका आला. मी फोन आपटला.

मूर्ख मी! मूर्ख! रडले नसते तर तो थांबला असता. आता पाश्कला त्याचा निरोप आलाय, महिनाअखेर नाही, लगेच निघतोय. उद्या रात्रीची बोट. परवा इथे.

आयुष्यभर माझ्या तोंडाने माझा घात केला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

दगडांच्या ढिगाशी जाऊन बसले. ओरडून विचारलं, काय पाहिजे तुला? म्हाताऱ्याला नेलंस ना? तो रक्तात धरायचा नाही का? काकांना विचारलं तर म्हणाले, तापाने मेला, मारून नाही मेला, तो मोजत नाहीत. हे असले हिशेब! पुरुषांनी मांडायचे आणि—

मग शांतपणे बोलले. म्हटलं वुक्सान, डोक्याला डोकं. कानूनात एवढंच आहे ना. एक डोकं घेतलं की मिटलं, दोन्ही घरं मोकळी. मी घरधनी. बारा जणांसमोर झालेली. माझं घे. पण माझ्या आजोबासारखं चोरून नाही. झोपेत नाही. उजेडात ये, फाटकाशी उभा राहा, हाक मार. मी ओ देईन. मागाहून फ्रान या घरात सुखाने जेवला पाहिजे.

दगडावर हात ठेवून विचारलं, कबूल?

काही झालं नाही. घरी आले.

२० ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ

पहाटे डोळा लागला होता— बसल्या बसल्या. जागी झाले तर बसलेलीच होते. उलटवलं नव्हतं. बंदूक खुंटीवर. आपल्या जागी.

आणि उंबरठ्यावर एक दगड. पाटावरचा, ओला.

कबूल केलंय त्याने.

२० ऑक्टोबर, दुपार

उसळ चुलीवर ठेवली आहे. मंद आचेवर. फ्रानला करपलेली आवडत नाही.

पाश्कने सांगितलंय, गाडी खालच्या पुलापर्यंत आली. वरचा चढ म्हणजे अर्धा तास. मी साधी चिठ्ठीही लिहून ठेवणार नाही. काय लिहू? वाचलं तर तो दार उघडून सूड घ्यायला धावेल, गाढव. कुणावर घेईल? देदाकाका सांगतील त्याला. बंदूक ढिगात पुरायची, माझ्या उशाशी ठेवायची नाही. ती माझी नाही—

भीती वाटते. लिहिते सरळ. खूप वाटते.  मला मरायचं नाहीये. मला त्याच्याबरोबर उसळ खायची आहे, त्याच्या टकलावर हसायचं आहे—

आजोबा, तुमचा मुडदा बसवला—

इंजिनाचा आवाज. वळणावर. आला, लवकर आला. एवढ्या लवकर नको होतं—

फाटकाशी कुणीतरी उभं आहे. खिडकीतून दिसतंय. उंच. डोकं फाटकाच्या वर. गाडी अजून खालीच आहे, मग हा—

हाक मारली. ओ घरधनी.

फ्रान असता तर ताई म्हणाला असता.

परत मारली. डावा हात वर केलाय. गाडी थांबली. दार वाजलं गाडीचं. फ्रान उतरतोय, हसतोय, त्याला हा दिसत नाहीये, तो फाटकाकडेच— तो ओ देईल! चेष्टेने ओ देईल, त्याला सवयच आहे— त्याच्या आधी मी— आले! मी आहे घरधनी, मी, इथे, ओ—